मेंदूतील गाठ कोठून येते?

घरातील एखाद्या माणसाच्या मेंदूत गाठ आढळली की त्या घरात पहिला प्रश्न औषधाचा निघत नाही. "ही आली कोठून?" हाच प्रश्न आधी निघतो, आणि ज्याला जसे सुचेल तसे तो उत्तर देऊ लागतो. कोणी म्हणतो, लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासूनचे हे दुखणे. कोणी मोबाईलला दोष देतो. शेजारची म्हातारी हलक्या आवाजात दृष्ट लागल्याचे सांगते. आई मात्र काही बोलत नाही. पोर पोटात असताना आपल्या हातून काय चुकले असेल, याचाच ती मनातल्या मनात शोध घेत बसते. आजाऱ्यांना भेटावयास जाताना ही सारी उत्तरे आमच्या कानी वारंवार आली आहेत, आणि त्यांतील बहुतेक उत्तरांनी रोग्याचे भले होण्याऐवजी कुटुंबाचे दुःखच वाढविले आहे.

गेल्या साठ वर्षांत शास्त्रज्ञांनी ह्या प्रश्नाचा जो पाठपुरावा केला आहे, तो आमच्या वाचक-कुटुंबांस साध्या शब्दांत सांगावा असे आम्ही योजिले आहे. त्यांचे उत्तर थोडक्यात असे आहे: ज्या पेशी मेंदू घडवितात, त्यांच्याच कुळातील एखादी पेशी शिस्त सोडून वाढू लागली म्हणजे मेंदूतील अनेक गाठींचा आरंभ होतो. एवढी गोष्ट नीट उमगली म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही गाठ पुन्हा का उद्भवते हे कळते, आई-बापांच्या मनावरचे नसते ओझे उतरते, आणि ह्याच पेशींच्या नावाने चाललेल्या एका फसव्या धंद्यापासून दूर राहण्याची बुद्धीही होते.

न वाढणाऱ्या पेशींत वाढ कशी?

प्रथम मेंदूची रचना पाहू. मेंदूत मुख्यत्वे दोन जातींच्या पेशी आहेत. पहिली जात चेतापेशींची. आपण पाहतो, बोलतो, आठवतो, हात हालवितो, ते ह्या पेशींनी एकमेकींना धाडलेल्या संदेशांच्या बळावर. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज आहेत. दुसऱ्या जातीस ग्लिया म्हणतात. ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ सरस असा आहे. जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे नाव दिले, कारण ह्या पेशी म्हणजे चेतापेशींना एकत्र चिकटवून ठेवणारा सरस होय अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः चेतापेशींचे पोषण, राखण, साफसफाई आणि त्यांच्या तंतूंवर आवरण चढविणे ही सारी कामे ग्लिया करतात.

मेंदूत आढळणारी प्रत्येक गाठ मेंदूच्याच पेशींची नसते. काही गाठी मेंदूवरील आवरणातून उगवतात, आणि त्यांतील बहुतेक सौम्य असतात. काही गाठी फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचे बीज रक्तावाटे मेंदूत येऊन रुजल्याने होतात. आम्ही येथे बोलत आहोत ते मेंदूच्या स्वतःच्या पेशींपासून होणाऱ्या गाठींविषयी. त्यांतील मोठा वर्ग ग्लायोमा ह्या नावाने ओळखला जातो. त्या वर्गातील सर्वांत उग्र गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. ती बहुधा उतारवयाकडे झुकलेल्या माणसांत आढळते.

आता अडचण अशी की कर्करोग म्हणजे पेशींचे बेसुमार विभाजन. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे ते चालते. परंतु पक्व झालेली चेतापेशी आयुष्यात पुन्हा विभागत नाही. मग जेथे वाढच थांबली आहे तेथे एवढी वाढ होते कशी? १९२६ साली अमेरिकेतील पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग ह्या दोघा वैद्यांनी ग्लायोमांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना असे दिसले की गाठीतील पेशींचे रूप गर्भातील मेंदू घडत असताना दिसणाऱ्या अपक्व पेशींशी जुळते. जणू गाठीत मेंदूचे बालपण पुन्हा सुरू झाले होते. परंतु प्रौढ माणसाच्या मेंदूत अशा घडविणाऱ्या पेशी उरतात, हे त्या काळी कोणी मानीत नसे. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल हे चेतापेशींच्या अभ्यासाचे महान आचार्य; त्यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रौढ मेंदूत पेशी मरू शकतात, नव्या जन्मत नाहीत, असा त्यांचा निर्वाळा होता, आणि त्यांच्या अधिकारापुढे तो प्रश्न मिटल्यासारखाच झाला.

घडविणाऱ्या पेशींचा शोध

तो प्रश्न पुन्हा उघडला जोसेफ आल्टमन यांनी. १९६२ साली अमेरिकेत त्यांनी उंदरांना असे एक किरणोत्सारी द्रव्य टोचले की जे केवळ विभागणाऱ्या पेशीच आपल्यात सामावून घेतात. पुढे त्या मेंदूंची तपासणी केली तेव्हा प्रौढ उंदरांच्या मेंदूतही त्या द्रव्याची खूण असलेल्या पेशी आढळल्या. १९६५ साली आल्टमन आणि त्यांचे सहकारी गोपाल दास यांनी स्मृतीशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस ह्या भागात नव्या चेतापेशी जन्मतात असे प्रसिद्ध केले. बहुतेक शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे तिकडे लक्ष दिले नाही. १९९२ साली कॅनडातील कॅल्गरी येथे ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युअल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून काही पेशी काढून काचेच्या बशीत वाढविल्या. त्या विभागून त्यांचे लहान लहान गोळे झाले, आणि त्यांतूनच चेतापेशी व ग्लिया अशा दोन्ही जाती निपजल्या. तेव्हा ह्या पेशींचे अस्तित्व नाकारणे कठीण झाले. त्यांना चेता-मूलपेशी म्हणतात.

मूलपेशी म्हणजे काय, हे केळी लावणाऱ्यास सांगावे लागू नये. केळीचा कंद जमिनीत राहतो आणि बाजूला नवे पिल काढतो. पिल वाढते, त्याला घड लागतो, ते संपते; कंद मात्र पुढचे पिल काढण्यास तसाच राहतो. मूलपेशी विभागली की तिच्यापासून झालेल्या दोहोंपैकी एक पेशी मूलपेशीच राहू शकते, आणि दुसरी पुढे शिकून चेतापेशी किंवा ग्लिया होते. गर्भात ह्याच पेशींनी सारा मेंदू उभारलेला असतो. काम संपल्यावर त्यांतील बहुतेक नाहीशा होतात, परंतु थोड्या मागे राहतात. मेंदूच्या मध्यभागी पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांच्या भिंतीलगतचा पातळ थर हे त्यांचे एक ठिकाण, आणि हिप्पोकॅम्पस हे दुसरे.

१९९८ साली पीटर एरिक्सन व फ्रेड गेज यांनी माणसाविषयीचा पुरावा मांडला. काही कर्करोग्यांना त्यांच्या गाठीच्या तपासणीसाठी एक खूण-द्रव्य देण्यात आले होते. पुढे त्यांतील पाच जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये त्या द्रव्याची खूण असलेल्या नव्या चेतापेशी आढळल्या. मरणाच्या दारात असलेल्या त्या पाच जणांनी माणुसकीवर केवढे उपकार केले! माणसाच्या मेंदूत हे काम किती वयापर्यंत आणि किती प्रमाणात चालते ह्याविषयी शास्त्रज्ञांत वाद राहिला आहे; २०१८ साली दोन नामांकित गटांनी एकमेकांविरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदराच्या मानाने माणसात हे काम पुष्कळ मंद आहे, एवढे मात्र मान्य आहे.

संशय ह्यांच्यावर का?

पेशी एका दिवसात बिघडत नाही. प्रत्येक पेशीत जनुके असतात. त्यांतील काही चाबकाचे काम करतात, म्हणजे पेशीस विभागण्याचा हुकूम देतात. काही लगामाचे काम करतात, म्हणजे तिला आवरतात. चाबूक थांबेनासा झाला आणि त्याबरोबर एक-दोन लगामही तुटले, म्हणजे कर्करोग होतो. असे अनेक बिघाड एकाच पेशीच्या वंशात साचण्यास वेळ लागतो. जी पेशी थोड्या दिवसांत मरते तिच्याबरोबर तिचा बिघाडही जातो. चेतापेशी दीर्घायुषी खरी, परंतु ती विभागत नाही. मूलपेशी दीर्घायुषी आहे, विभागतेही, आणि तिच्या संततीस मेंदूत एका जागेहून दुसऱ्या जागी सरकत जाण्याची सवय असते. हे तिन्ही गुण मेंदू घडविण्यास आवश्यक आहेत, आणि हेच तिन्ही गुण गाठीतील पेशींतही दिसतात. म्हणून संशय तिच्यावर गेला.

ह्या संशयास पहिला मोठा आधार कॅनडातील टोरोंटो येथील मुलांच्या रुग्णालयात मिळाला. शीला सिंग, पीटर डर्क्स व त्यांचे सहकारी यांनी रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या गाठींच्या पेशी निवडून वेगळ्या केल्या. ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१३३ नावाची खूण होती त्या एका बाजूस, आणि ज्यांच्यावर ती नव्हती त्या दुसऱ्या बाजूस. चेता-मूलपेशींवरही हीच खूण आढळते. मग त्या पेशी त्यांनी उंदरांच्या मेंदूत टोचल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की खूण असलेल्या अवघ्या १०० पेशींपासून मूळ गाठीसारखी नवी गाठ झाली. खूण नसलेल्या १ लाख पेशी टोचूनही झाली नाही. म्हणजे गाठीतील साऱ्या पेशी सारख्या नाहीत. तिच्यातही कंदासारख्या थोड्या पेशी असतात आणि बाकीच्या त्यांच्यापासून निपजतात. पुढे काही प्रयोगशाळांना खूण नसलेल्या पेशींपासूनही गाठ झालेली दिसली. तेव्हा ती एकच खूण पुरेशी नाही हे ठरले. परंतु गाठीत मूलपेशींसारखे वागणाऱ्या पेशी असतात ही मूळ कल्पना टिकून राहिली.

तथापि गाठीतील पेशी मूलपेशीसारखी वागते, एवढ्यावरून ती मेंदूच्या मूळ मूलपेशीपासूनच झाली असे सिद्ध होत नाही. चोराने पोलिसाचा गणवेश घातला म्हणून तो पोलीस होत नाही. ह्यासाठी वेगळा पुरावा पाहिजे होता. अमेरिकेतील लुईस पारादा यांच्या गटाने २००९ साली उंदरांत हे दाखविले की पोकळीलगतच्या मूलपेशींतील लगामाची जनुके तोडली असता ग्लायोमा वर्गातील गाठी होतात.

माणसातील महत्त्वाचा पुरावा दक्षिण कोरियातून २०१८ साली आला. तेथील वैद्यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या रोग्यांच्या शस्त्रक्रियेत गाठीचा तुकडा तर घेतलाच. त्याखेरीज गाठीपासून दूर असलेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसणाऱ्या पोकळीलगतच्या थराचाही तुकडा तपासला. १६ पैकी ९ रोग्यांत त्या निरोगी दिसणाऱ्या थरातील थोड्या पेशींत, गाठीत होते तेच जनुकांचे काही बिघाड सापडले. त्यानंतर त्यांनी उंदरांच्या त्याच थरातील पेशींत तसे बिघाड घडवून आणले, तेव्हा त्या पेशी सरकत जाऊन दूरच्या भागात गाठीच्या रूपाने वाढल्या. म्हणजे रोप एका वाफ्यात उगवावे आणि पीक दुसऱ्याच शेतात यावे, तसा हा प्रकार होता.

येथे एक मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. उरलेल्या ७ रोग्यांत असे बिघाड आढळले नाहीत. मूलपेशीहून एक पायरी पुढे गेलेली, ग्लिया निर्माण करणारी पेशीही काही गाठींचे मूळ असू शकते, असे २०११ साली उंदरांवरच्या दुसऱ्या एका संशोधनात दिसून आले. म्हणून सर्व गाठी एकाच पेशीपासून होतात असे कोणी समजू नये. परंतु घडविणाऱ्या पेशींच्या कुळाकडे बोट दाखविणारा पुरावा आता भक्कम आहे.

लहान मुलांची गोष्ट

हे कूळ आणि गाठ यांचे नाते लहान मुलांत सर्वांत स्पष्ट दिसते. डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात, मेडुलोब्लास्टोमा नावाची गाठ मुलांना होते. मेंदूतील ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज ह्या लहान मेंदूतच आहेत, आणि त्यांतील बहुतेक बारीक दाण्यासारख्या आहेत. ह्या दाणेदार पेशींची निर्मिती करणारा थर जन्मानंतरही काही काळ जोमाने काम करीत असतो, आणि मग काम आटोपून नाहीसा होतो. त्या थरास "विभागत राहा" असा जो रासायनिक संदेश मिळतो तो वेळेवर थांबला नाही, तर काही मुलांत त्यातून मेडुलोब्लास्टोमा होतो. मेडुलोब्लास्टोमाचे मुख्य चार गट मानले जातात. हा त्यांतील एक. बाकीच्यांचे मूळ इतर अपक्व पेशींत आहे.

हा संदेश अडविणारी औषधेही निघाली. काही रोग्यांत गाठ आकसली. परंतु वाढीच्या वयातील मुलांना ती दिली असता त्यांच्या हाडांची वाढही कायमची खुंटल्याचे दिसून आले. कारण तोच संदेश हाडांनाही वाढवीत असतो. ज्या शक्तीने बालक वाढते तीच शक्ती गाठीतही काम करीत असते. म्हणून बालकाला धक्का न लावता गाठ मारणे इतके अवघड आहे.

आई-बापांनी मात्र धीर सोडू नये. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांच्या जोरावर चांगल्या केंद्रांत मेडुलोब्लास्टोमाची निम्म्याहून पुष्कळ अधिक मुले बरी होतात, आणि एका गटातील तर दहांपैकी नऊंहूनही अधिक वाचतात.

गाठ पुन्हा का येते?

"डॉक्टरांनी तर सारी गाठ काढली म्हणून सांगितले, मग सहा महिन्यांत पुन्हा कशी आली? त्यांनीच काही हयगय केली असेल." असे बोल आम्ही ऐकले आहेत. आमच्या शेतकरी बांधवांस हरळीची आठवण करून द्यावीशी वाटते. वरचे गवत कापले तर रान चार दिवस स्वच्छ दिसते. जमिनीत राहिलेल्या एका कांडीपासून ती पुन्हा पसरते. ग्लायोब्लास्टोमाचे असेच आहे. वॉल्टर डँडी ह्या अमेरिकन शल्यवैद्याने १९२८ साली काही रोग्यांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. तरीही रोग समूळ गेला नाही. गाठीच्या पेशी आधीच दूरवर सरकलेल्या असतात, आणि सुरीच्या पात्याला त्या दिसत नाहीत.

औषधांच्या बाबतीतही तेच. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांना असे दिसले की मूलपेशींसारख्या पेशी किरणांनी झालेली मोडतोड इतरांपेक्षा चांगली दुरुस्त करून घेतात आणि तगतात. २०१२ साली पारादा यांच्या गटाने उंदरांत दाखविले की नेहमीचे औषध दिल्यावर वेगाने विभागणाऱ्या पेशी मरतात, परंतु संथपणे राहणाऱ्या थोड्या पेशी वाचतात आणि त्यांच्यापासून गाठ पुन्हा उभी राहते. तेव्हा गाठ परतली म्हणून वैद्याची हयगय झाली असे म्हणणे बहुधा अन्यायाचे होते.

मग उपचाराचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रोग्यांच्या मोठ्या अभ्यासात ग्लायोब्लास्टोमासाठी केवळ किरणोपचार घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांनंतर १०.४ टक्के जिवंत होते. किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध घेणाऱ्यांपैकी २६.५ टक्के. हे आकडे मोठे नाहीत हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरात मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, मुलगा परदेशाहून यावयाचा आहे, त्या घराला एका वर्षाची किंमत विचारावी. शिवाय सर्व ग्लायोमा इतके उग्र नसतात. काही रोगी अनेक वर्षे कामधंदा करीत जगतात.

कुटुंबाने काय समजावे, काय करावे

वरील सर्व विवेचनाचा पहिला अर्थ असा की ही गाठ दृष्टीने, करणीने किंवा शापाने होत नाही. ती कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे. ती संसर्गाने होत नाही. रोग्याचे ताट, पांघरूण वेगळे करण्याचे काही कारण नाही. काही थोड्या घराण्यांत जनुकाचा दोष पिढीजात असतो, आणि तेथे वैद्य तसे सांगतील. बहुतेकांत तो बिघाड एका माणसाच्या एका पेशीत, त्याच्याच आयुष्यात घडलेला असतो. म्हणून "ह्यांच्या घराण्यात खोट आहे" असे म्हणून बहिणीचे जमलेले लग्न मोडणाऱ्यांनी मोठा अन्याय केला असे आम्ही समजतो. मोबाईलविषयी म्हणाल तर २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून अनेक अभ्यासांचा जो आढावा घेण्यात आला त्यात त्याचा आणि मेंदूतील कर्करोगाचा संबंध आढळला नाही.

दुसरा अर्थ असा की लक्षणांकडे वेळेवर लक्ष द्यावे. डोके दुखणाऱ्या शंभरांत गाठ असणारा विरळा, हे खरे. परंतु पूर्वी कधी नसलेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी, विशेषतः सकाळी उठताना होणारी व उलटी आणणारी; मोठ्या वयात प्रथमच आलेली आकडी; एका बाजूच्या हातापायाची शक्ती जाणे; बोलणे अडखळणे; दृष्टी मंदावणे; स्वभावात अकारण मोठा पालट होणे; मुलाचे चालताना तोल जाणे व रोज सकाळी ओकणे, ह्यांपैकी काही दिसल्यास दिरंगाई करू नये. आकडी आलेल्या माणसास कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ न दवडता त्याला कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, आणि नंतर डॉक्टरांकडे न्यावे. तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली तर ती खिशात ठेवून देऊ नये. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बंगळुरूचे निम्हान्स ह्यांसारख्या संस्थांत ह्या रोगांचे जाणकार आहेत, आणि गरिबांस सवलतीची सोय कोठे आहे ह्याची चौकशी तेथील समाजसेवकांकडे संकोच न करता करावी.

मूलपेशी विकणाऱ्यांपासून सावध

शेवटची गोष्ट सांगण्यासाठीच मुख्यतः आम्ही लेखणी हाती घेतली. "मूलपेशींनी मेंदू घडतो, तर त्या टोचून बिघडलेला मेंदू दुरुस्त करू" असे आमिष दाखवून काही लोक मतिमंद वा स्वमग्न मुलांच्या, पक्षाघात झालेल्यांच्या कुटुंबांकडून लाखो रुपये उकळीत आहेत. त्यासाठी जमिनी गहाण पडतात. त्यात पैसाच जातो असे नाही. इस्राएलमधील एका मुलास चालणे-बोलणे बिघडविणारा असा एक दुर्धर आनुवंशिक रोग होता. त्याला मॉस्को येथे नेऊन, गर्भांपासून काढलेल्या चेता-मूलपेशी मेंदूत व पाठीच्या कण्यातील द्रवात अनेक वेळा टोचण्यात आल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत व मज्जारज्जूत गाठी आढळल्या. २००९ साली तेथील वैद्यांनी प्रसिद्ध केले की त्या गाठीतील पेशी मुलाच्या स्वतःच्या नव्हत्या. मुलगा असून त्यांत स्त्रीच्या पेशी सापडल्या, आणि मुलाचा आनुवंशिक दोषही त्यांत नव्हता. म्हणजे औषध म्हणून टोचलेल्या पेशींचीच गाठ झाली होती. सुदैवाने त्या गाठी संथ वाढणाऱ्या होत्या. वाढण्याचे सामर्थ्य ज्या पेशीत आहे तिला लगाम घालता येईल की नाही हे ठाऊक नसताना ती दुसऱ्याच्या मेंदूत सोडणे किती धोक्याचे आहे, हे ह्या एका उदाहरणावरून कळावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट केले आहे की रक्ताच्या काही रोगांसाठी होणारे मूलपेशींचे रोपण सोडल्यास इतर रोगांवरील असा वापर हा अद्याप प्रयोग होय, आणि तो मान्यता मिळालेल्या चाचणीतच व्हावयास पाहिजे. म्हणून असा उपचार कोणी सुचविल्यास ती चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदली आहे काय, हे विचारावे. प्रयोगासाठी पैसे मागितले जात असतील तर उठून घरी यावे.

ह्या प्रश्नास नीतीचीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून राहणे आम्हांस शोभणार नाही. २००८ सालच्या 'दिग्नितास पेर्सोने' ह्या पत्रकात ख्रिस्तसभेने प्रौढ माणसाच्या शरीरातून, नाळेच्या रक्तातून, किंवा नैसर्गिक कारणाने मृत झालेल्या गर्भापासून मूलपेशी घेणे योग्य मानले आहे. जिवंत मानवी भ्रूणाचा नाश करून त्या घेणे मात्र निषिद्ध ठरविले आहे. तेव्हा ह्या संशोधनालाच ख्रिस्तसभेचा विरोध आहे, असा जो समज काही ठिकाणी पसरला आहे तो बरोबर नाही. टोरोंटो आणि कोरिया येथील संशोधन रुग्णांनी शस्त्रक्रियेत दिलेल्या तुकड्यांवर झाले, आणि तशा संशोधनाचे स्वागतच करावयास पाहिजे.

घडविणाऱ्या पेशीला मारक कशी होऊ द्यावयाची नाही, ह्याचे संपूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. जेथे गाठीचा उगम आहे त्या थराकडे लक्ष वळविल्याने पुढे उपाय सापडतील अशी आशा संशोधकांस वाटते. तोपर्यंत ज्या घरी असा रोगी आहे त्या घरास शेजाऱ्यांकडून कारणे ऐकावयाची नसतात. रुग्णालयात सोबतीस एक माणूस, गावी राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय आणि खोळंबलेल्या लावणीला चार हात, एवढे दिले तरी पुष्कळ झाले.